दूरच्या श्रोत्याची चिठ्ठी

व्याख्यान संपत आले की सभागृहाच्या मागच्या रांगांतून चिठ्ठ्या पुढे सरकू लागतात आणि अध्यक्षमहाशय त्या एकेक वाचून दाखवितात, हा आपल्या व्याख्यानमालांचा जुना शिरस्ता. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. पुढे मराठी माणूस जेथे जेथे स्थिरावला तेथे अशा माला गुंफल्या गेल्या. आता अनेक मंडळे व्याख्याने यूट्यूबवरून थेट दाखवितात. परंतु परदेशी बसलेली लेक किंवा अंथरुणास खिळलेले आजोबा यांची चिठ्ठी व्यासपीठापर्यंत पोहोचावी कशी? ती पोहोचली नाही तर ते केवळ मूक प्रेक्षक उरतात. म्हणून तिची वाट आज सांगण्याचा आमचा मानस आहे.

तसबिरीच्या काचेवर अक्षरे लिहावीत तसा चित्रावर जो पारदर्शक थर पसरतात, त्यास 'ओव्हरले' म्हणतात. त्यासाठी 'ओबीएस स्टुडिओ' ही २०१२ पासून उपलब्ध असलेली विनामूल्य प्रणाली पुरेशी आहे. तिच्या 'सोर्सेस' यादीत कॅमेऱ्याखेरीज 'ब्राउझर' नावाचा सोर्स जोडावा आणि त्याची रुंदी-उंची मूळ चित्राइतकी, म्हणजे बहुधा १९२० व १०८०, ठेवावी. यादीत जे वर, तेच चित्रातही वर दिसते. सबब हा सोर्स कॅमेऱ्याच्या वरच असावा.

यूट्यूबचे चॅट वेगळ्या खिडकीत उघडून तिचा पत्ता येथे दिल्यास सारे संदेश पडद्यावर वाहू लागतात. आमच्या मते मात्र हा गलबला व्याख्यानास शोभत नाही. त्यापेक्षा एक साधी एचटीएमएल फाइल 'लोकल फाइल' म्हणून जोडावी. चॅटमधून निवडलेला प्रश्न तीत लिहावा, फाइल जतन करावी आणि सोर्स 'रिफ्रेश' करावा. प्रश्न पडद्यावर उमटतो. फाइल यूटीएफ-८ पद्धतीने जतन करून तसा उल्लेखही तीत करावा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसण्याचा संभव असतो. अक्षर ठसठशीत असावे, कारण पुष्कळ मंडळी मोबाइलवर पाहतात.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. हा थर चित्रातच मिसळून जातो. प्रेक्षकाने त्यावर बोट टेकविले तरी काही घडत नाही. त्याचा सहभाग चॅटमधूनच होतो. 'ट्विच'वर २०१७ पासून प्रेक्षकाच्या पडद्यावरच कळ दाबता येईल असे थर आले आहेत; आपल्या मंडळांस त्यांची निकड नाही.

दुसरी गोष्ट विलंबाची. व्यासपीठावरचा शब्द दूरच्या श्रोत्यास काही सेकंद उशिराच ऐकू येतो. यूट्यूबच्या 'लेटन्सी'मध्ये हा विलंब कमी करता येतो. पण तो फार कमी केला तर चित्र अडखळण्याचा धोका वाढतो. तेव्हा "कोणास प्रश्न आहे का?" असे विचारून अध्यक्षांनी लगेच सभा आवरती घेऊ नये. ऐकणे, टंकणे आणि निवडणे यांस वेळ लागतोच.

नव्या चॅनेलला थेट प्रक्षेपणाची मुभा मिळण्यास २४ तासही लागू शकतात. ती तजवीज आधी करावी आणि 'अनलिस्टेड' प्रक्षेपण करून रंगीत तालीम घ्यावी. बालसभेचे प्रक्षेपण 'मुलांसाठी' म्हणून नोंदविल्यास चॅट बंद राहते, हेही लक्षात असावे.

प्रश्ननिवडीचे काम मात्र यंत्रावर सोपवू नये. मंडळातील एखादी मराठी उत्तम वाचणारी आणि पोच असलेली व्यक्ती त्यासाठी बसवावी. संदेश मराठीत असो, रोमन लिपीत असो वा मोडक्यातोडक्या मराठीत, तिने तो शुद्ध देवनागरीत पडद्यावर आणावा. परप्रांती वाढलेल्या नातवाचा प्रश्न त्याच्याच नावानिशी, नीटस मराठीत, साऱ्या सभेसमोर झळकला, तर पुढच्या वेळी तो स्वतःच देवनागरीत लिहावयास धजेल. वाचकहो, एवढे साधले तरी हा खटाटोप सार्थकी लागला, असे आम्ही मानू.