सूर्यही छपरावाल्यांचाच काय?

खोपोलीच्या वीजगृहाने १९१५ मध्ये मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज पुरवावयास प्रारंभ केला. घाटमाथ्यावर अडविलेले पाणी सुमारे पाचशे मीटर खाली आणून ही वीज निर्माण होते व मोकळे झालेले पाणी पाताळगंगेस मिळते. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथे वीजगृहे उभी राहिली. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. सेनापती बापटांचा १९२१ चा सत्याग्रह त्याच अन्यायाविरुद्ध होता. तेव्हा धूर न ओकणारी वीज ही काही आजच्या मंत्र्यांची देणगी नव्हे. याच डोंगरउतारावर ती शतकाहून अधिक काळ तयार होत आली आहे. तारा मात्र मुंबईकडे गेल्या.

पाताळगंगेच्या खोऱ्यातील लोधिवलीसारख्या गावांच्या वाट्यास त्यातून काय आले? वीज आकार, त्यावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या साऱ्यावर १६ टक्के वीज शुल्क! हा शेवटचा कर तर मिठाच्या कराचाच भाऊ म्हणावा लागेल.

या बिलावर उतारा म्हणून केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'सूर्यघर मोफत वीज योजना' आणली. एक कोटी घरे, ७५,०२१ कोटी रुपये! सौरऊर्जेला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. कोळसा जाळून चालणाऱ्या विजेपेक्षा ती शतपटीने बरी. प्रश्न अनुदान कोणाच्या पदरात पडते, हा आहे. एक किलोवॅटच्या संचास ३०,००० रुपये, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये. म्हणजे ज्याचे घर मोठे, ज्याची वीज अधिक, त्याला सरकारची मदतही अधिक. राज्य सरकारने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील व १०० युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्यांना पूरक अनुदान जाहीर केले, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेथेही पहिली अट स्वतःच्या छपराचीच.

खालापूर-कर्जत भागातील कातकरी वाड्यांत घराखालची जमीनच नावावर नाही, अशी कुटुंबे कितीतरी. कारखान्यांच्या आसपास भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराचे छप्पर तर मालकाचे. त्याच्या नावावर मीटरही नसतो. चार बिऱ्हाडे एका मीटरवर असली की एकत्रित वापर १०० युनिटांपलीकडे जातो आणि पुढच्या टप्प्यात वीज आकाराचा दर दुपटीहून अधिक होतो. दोन दिवे आणि एक पंखा लावणारा मजूर अशा रीतीने श्रीमंताच्या दराने पैसे भरतो, आणि अनुदानाच्या यादीत त्याचे नाव कोठेच सापडत नाही. याला जनकल्याण म्हणावयाचे काय?

यावर तोडगा नाही असे नव्हे. अनुदान छपराला न देता कुटुंबाला द्यावे. प्रत्येक बिऱ्हाडास, मग ते भाडेकरू का असेना, स्वतंत्र मीटर मिळावा. गायरानाचा वा वनाचा बळी न देता शाळा, पंचायत कार्यालय, गोदामे यांच्या छपरांवर ग्रामपंचायतीच्या मालकीचे सौरसंच बसवावेत आणि त्यांची वीज सभासद कुटुंबांच्या बिलांतून वजा व्हावी. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने अशा सामाईक वजावटीचे नियम २०१९ मध्येच केले. जे दिल्लीत शक्य झाले, ते महाराष्ट्राच्या प्रत्येक गावठाणात का होऊ नये?

हा आग्रह आजच धरण्याचे आणखी एक कारण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारने टाटा पॉवर कंपनीशी २,८०० मेगावॅटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा करार केला. त्यांपैकी १,००० मेगावॅटचा प्रकल्प भिवपुरीचा. स्वस्त विजेच्या वेळी पाणी वर चढवावयाचे आणि महाग विजेच्या वेळी खाली सोडावयाचे, असा हा व्यवहार. डोंगर कर्जतचा, नफा कंपनीचा! १९२२ मध्ये अटी घालण्याचा अधिकार जनतेला नव्हता. आज ग्रामसभा आहेत. लोधिवलीपासून भिवपुरीपर्यंतच्या गावांतील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत दोन ठराव मांडावेत: परिसरातील प्रत्येक कुटुंबास पहिली १०० युनिटे या प्रकल्पांच्या उत्पन्नातून विनामूल्य, आणि भाडेकरूच्या नावे मीटर.