दंड भरला, गाडी सोडवली, पुन्हा प्यायला! अशांसाठी अमेरिकेत वेगळं कोर्ट, ते नेमकं चालतं कसं?

गावात असा एखादा तरी असतोच. संध्याकाळी मित्रांबरोबर 'बसतो', मग दुचाकीला किक मारतो आणि घरचे दाराकडे डोळे लावून बसतात. कधी नाकाबंदीत सापडतो. कोर्टात दंड भरतो, गाडी सोडवून आणतो, महिनाभर नीट राहतो. मग परत तेच. दंडाचे पैसे बऱ्याचदा किराणाच्या डब्यातून किंवा बायकोने बचत गटातून उचललेल्या कर्जातून जातात. दारू मात्र सुटत नाही.

आपल्याकडचा कायदा तसा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी १० हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर १५ हजार दंड किंवा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे दुसऱ्या वेळी शिक्षा वाढते. पण हा माणूस परत परत का सापडतो, हे विचारायला कोर्टाला वेळही नसतो आणि यंत्रणाही नसते.

अमेरिकेतही हीच अडचण होती. तिथे २०२२ या एका वर्षात दारूच्या नशेतील चालकांमुळे झालेल्या अपघातांत १३,५२४ माणसं गेली. दंड झाले, लायसन्स रद्द झाली, तुरुंगही झाला, तरी काही जण विनालायसन्स, पिऊन, पुन्हा स्टिअरिंगवर बसत राहिले. अशांसाठी तिथे वेगळी 'उपचार न्यायालये' सुरू झाली.

सुरुवात कुठून झाली?

१९८९ मध्ये फ्लोरिडा राज्यातल्या मायामीत अमली पदार्थांच्या व्यसनींसाठी पहिलं असं कोर्ट सुरू झालं. व्यसनी माणसाला नुसतं आत टाकायचं नाही, न्यायाधीशाच्या देखरेखीखाली उपचार घ्यायला लावायचे, अशी कल्पना. हीच पद्धत १९९५ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या लास क्रुसेस इथे पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी वापरली गेली. आज अमेरिकेत अशी शेकडो कोर्टं आहेत आणि त्यातली बरीच ग्रामीण भागात आहेत.

सगळ्यांना घेतात का?

नाही. लग्नात एकदाच जास्त झाली आणि पकडला गेला, असा माणूस इथे येत नाही. त्याला नेहमीचा दंड आणि ताकीद पुरते. हे कोर्ट दुसऱ्या-तिसऱ्यांदा सापडलेल्यांसाठी असतं. पहिल्याच वेळी मर्यादेच्या जवळपास दुप्पट अल्कोहोल सापडलेल्यांनाही काही ठिकाणी घेतात. अपघातात कुणाचा जीव गेला असेल, तर सहसा या कोर्टाची वाट बंद असते.

आधी तज्ज्ञ माणसाची तपासणी करतात. दारू सवयीची आहे की शरीराला तिची गरज लागलीय, मनाचा काही आजार आहे का, घरची स्थिती काय, हे सगळं बघतात. मग आरोपीला गुन्हा कबूल करावा लागतो. गुन्हा माफ होईल असं इथे बहुतेक ठिकाणी नसतं. कार्यक्रम नीट पूर्ण केला तर तुरुंगाचे दिवस कमी होतात किंवा टळतात, एवढंच.

दर पंधरा दिवसांनी हजेरी

कार्यक्रम साधारण एक ते दोन वर्षांचा असतो आणि टप्प्याटप्प्याने चालतो. पहिल्या टप्प्यात साधारण दर पंधरा दिवसांनी कोर्टात उभं राहावं लागतं. पुढे नीट चाललं तर महिन्याने. समोर तोच न्यायाधीश असतो. मागच्या वेळी काय बोलणं झालं, हे त्याच्या लक्षात असतं.

कोर्ट भरण्याआधी एक बैठक होते. न्यायाधीश, सरकारी वकील, आरोपीचा वकील, देखरेख करणारा प्रोबेशन अधिकारी, उपचार करणारे समुपदेशक आणि पोलिसांचा माणूस असे सगळे एका टेबलाला बसतात. कोण तपासणीला आला, कोण चुकला, कुणाला काम लागलं, कुणाच्या घरी भांडण आहे, याची माहिती सगळ्यांसमोर येते. त्यामुळे समुपदेशकाला एक आणि न्यायाधीशाला दुसरंच सांगायची सोय राहत नाही.

फसवणूक कशी पकडतात?

पहिल्या दिवशी 'सोडली' म्हणणारे सगळेच असतात, म्हणून तपासणी हा या पद्धतीचा कणा आहे.

• बऱ्याच ठिकाणी रोज सकाळी एका नंबरवर फोन करायचा असतो. आपल्या गटाचं नाव ऐकू आलं की त्याच दिवशी लघवीची तपासणी. कुठला दिवस निघेल हे आधी कळत नाही. काही चाचण्यांत दोन-तीन दिवसांपूर्वी घेतलेली दारूही सापडते.

• काहींच्या घोट्याला पट्टा बांधतात. तो घामातून दारूचा अंश ओळखतो आणि माहिती कार्यालयात जाते.

• गाडीत यंत्र बसवतात. नळीत फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. फुंकरीत दारू आढळली की गाडी जागेवरच.

याच्याबरोबर उपचार चालू असतात: समुपदेशन, गटाच्या बैठका, गरज असेल तर औषधं. काही ठिकाणी नोकरी शोधायला किंवा अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायलाही मदत मिळते.

चुकला तर?

चूक झाली की पुढच्या तारखेपर्यंत थांबत नाहीत. शिक्षा छोटी, पण लगेच. जादा हजेरी, काही तास समाजसेवा, किंवा एक-दोन दिवस तुरुंग. पिऊन खोटं बोलला तर जास्त. स्वतःहून कबूल केलं तर कमी. दारू घेतली म्हणून लगेच कुणाला बाहेर काढत नाहीत, उपचार वाढवतात. पण वारंवार नियम मोडले की कार्यक्रम संपतो आणि मूळ शिक्षा भोगावी लागते.

नीट वागणाऱ्याचं कौतुकही भर कोर्टात होतं. न्यायाधीश नाव घेऊन शाबासकी देतो, बाकीचे टाळ्या वाजवतात. शेवटी सगळे टप्पे पार केले की प्रमाणपत्र देतात आणि त्या दिवशी घरच्यांना बोलावतात.

फरक पडतो का?

उत्तर सरळ 'हो' असं नाही. जॉर्जिया राज्यातल्या तीन कोर्टांच्या अभ्यासात कार्यक्रम पूर्ण करणारे नेहमीची शिक्षा झालेल्यांपेक्षा कमी वेळा पुन्हा सापडले. मिशिगनमध्येही असाच अनुभव आला. पण लॉस एंजेलिस परिसरातल्या एका कोर्टात चिठ्ठी टाकावी तशी माणसं दोन गटांत वाटून अभ्यास केला, तेव्हा विशेष फरक दिसला नाही. म्हणजे नुसतं कोर्टाचं नाव बदलून भागत नाही. योग्य माणूस निवडणं, तपासणी आणि उपचार या तिन्हीत ढिलाई झाली की परिणामही ढिला.

साउथ डकोटा राज्याने २००५ मध्ये आणखी साधी वाट धरली. पिऊन गाडी चालवणाऱ्याने सकाळ-संध्याकाळ येऊन यंत्रात फुंकायचं. दारू सापडली की लगेच एक-दोन दिवस आत. २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार यामुळे पुन्हा पिऊन गाडी चालवताना पकडले जाण्याचं प्रमाण साधारण १२ टक्क्यांनी घटलं आणि घरगुती मारहाणीतल्या अटका ९ टक्क्यांनी. दुसरा आकडा घरातल्या बायकांसाठी मोठा आहे.

अडचणी तिथेही आहेत

तपासणी आणि उपचाराचा खर्च बऱ्याचदा त्या माणसालाच भरावा लागतो, म्हणून गरिबाला हा मार्ग जड जातो. लायसन्स रद्द, गावाला बस नाही आणि कोर्ट ५०-६० किलोमीटर लांब, अशी गत अमेरिकेच्या ग्रामीण भागातही होते. हजेरीला जायचं तर कामाचा दिवस बुडतो. शिवाय ज्या तालुक्यात समुपदेशकच नाही, तिथे कोर्ट उपचाराला पाठवणार कुठे?

आपल्याकडे असं होऊ शकतं का?

आपल्याकडे असं वेगळं कोर्ट नाही. पण त्याचा एक धागा आपल्या कायद्यात जुनाच आहे. १९५८ च्या प्रोबेशन कायद्यात कोर्ट दोषी माणसाला चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर, प्रोबेशन अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडू शकतं आणि नशापाणी न करण्याची अट घालू शकतं. बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव घेतला असेल तर मात्र अशी सवलत देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दलबीर सिंग प्रकरणात सुनावलं. म्हणजे अट घालायला जागा आहे. ती पाळली जाते का हे बघणारी माणसं, वेळेवर तपासणी आणि जवळ उपचार केंद्र, या तीन गोष्टी उभ्या कराव्या लागतील. यातली एक जरी नसली तर 'सोडली' हा शब्दच पुरावा ठरेल.

तोवर घरच्यांनी एवढं लक्षात ठेवावं. खूप वर्षं रोज पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नका. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत हेल्पलाइन नंबर १४४४६ आहे. आणि आज रात्री तो प्यायलेला असेल, तर आधी गाडीची चावी काढून घ्या.