गाडी कोणाची, रस्ता कोणाचा?

ब्रिटनमध्ये विजेवरच्या मोटारी आता परवडू लागल्या आहेत, असे आम्ही वारंवार ऐकतो. कोणाला परवडू लागल्या, हे मात्र कोणी सांगत नाही.

2025 च्या जुलैमध्ये सरकारने 37,000 पौंडांपर्यंतच्या नव्या विद्युत मोटारीवर 3,750 पौंडांपर्यंत अनुदान जाहीर केले. जुन्या गाडीला ते नाही. आणि परदेशात पाय रोवणारा माणूस पहिली गाडी बहुधा जुनीच घेतो. दुसरी सवलत नोकरीमार्फत मिळते: कर कापण्यापूर्वीच्या पगारातून गाडीचा हप्ता वळता होतो. ज्याचा कराचा दर अधिक, त्याची बचत अधिक. शिवाय हप्ता वजा जाता पगार किमान वेतनाखाली जाता कामा नये, असा नियम आहे. नियम कामगाराच्या रक्षणासाठीच आहे, हे मान्य. परंतु परिणाम असा, की आपल्यातील संगणक अभियंत्याला ही वाट खुली राहते आणि केअर होममध्ये रात्रपाळी करणाऱ्या आपल्या एखाद्या बहिणीला ती बंद होते. पहाटे बस नसते तेव्हा गाडीची खरी गरज तिला असते.

गाडी दारात आली तरी भेद संपत नाही. ज्याच्या घरापुढे स्वतःची जागा आहे, तो रात्रीच्या खास दराने युनिटमागे 7 ते 10 पेन्समध्ये गाडी चार्ज करतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला सार्वजनिक जलद केंद्र गाठावे लागते; तेथे दर 70 पेन्सच्याही पुढे जातो. त्यात घरच्या विजेवर व्हॅट 5 टक्के, तर सार्वजनिक केंद्रावर वर्षानुवर्षे 20 टक्के आकारला गेला आहे. वीज तीच; अंगण नसल्याचा हा दंड आहे, असे आम्ही म्हणतो. तो रद्द करायला कोणताही नवा शोध लागत नाही.

ज्यांना गाडी परवडत नाही, तेही रस्त्यावर असतातच. ते पायी चालतात, सायकल हाकतात, बसथांब्यावर उभे राहतात. म्हणून चालकाविना धावणाऱ्या गाडीचा नैतिक प्रश्न आम्ही याच प्रश्नाचा पुढचा भाग मानतो.

अपघात अटळ असेल तर गाडीने कोणाला वाचवावे, हे कोडे विद्वानांना फार प्रिय आहे. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी ते जगभर विचारले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सुमारे 4 कोटी उत्तरे होती. ज्या देशांत आर्थिक विषमता अधिक, तेथे उच्च दर्जाच्या माणसाला वाचवण्याकडे कलही अधिक आढळला. आम्हाला याचे आश्चर्य वाटले नाही. जर्मनीच्या नीती आयोगाने मात्र 2017 मध्येच स्पष्ट केले होते, की अशा प्रसंगी वय, लिंग, शरीर वा मन यांवरून माणसामाणसांत भेद करण्यास सक्त मनाई असावी.

पण प्रत्यक्षात घडले ते या कोड्याहून साधे होते. 18 मार्च 2018 च्या रात्री अ‍ॅरिझोनातील टेंपी येथे 49 वर्षांची एक बेघर स्त्री सायकल ढकलीत रस्ता ओलांडत होती. उबर कंपनीच्या चाचणीतील स्वयंचलित गाडीने तिला धडकेच्या 5.6 सेकंद आधी टिपले होते. तरीही कधी वाहन, कधी सायकल, कधी निराळीच वस्तू असे ती यंत्रणा ठरवीत राहिली. ठरलेल्या जागेबाहेरही माणूस रस्ता ओलांडतो, ही शक्यताच तिच्यात धरलेली नव्हती. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. गाडीत देखरेखीसाठी बसवलेल्या चालिकेला 2023 मध्ये तीन वर्षांची परिवीक्षा झाली. तिचे लक्ष मोबाइलवर होते, हे खरेच. पण ती शक्यता न धरणारी माणसे त्या गाडीत नव्हती.

ब्रिटनचा मे 2024 चा स्वयंचलित वाहन कायदा या बाबतीत बरा आहे. गाडी स्वतः धावत असताना तिच्या चालवण्याबद्दल आत बसलेल्याला दोषी धरले जात नाही, आणि काळजीपूर्वक चालवणाऱ्या कुशल माणसाइतकी सुरक्षितता तिने गाठावी, असे तो म्हणतो. जानेवारी 2022 पासून येथील हायवे कोडमध्ये रस्ता वापरणाऱ्यांची उतरंडही आहे. उतरंड हा शब्द आपल्याला कडू. पण ही उलटी आहे. जो अधिक इजा करू शकतो, त्याची जबाबदारी अधिक, आणि पादचारी सर्वांत वर.

गाड्यांची परीक्षा याच कसोटीवर व्हावी, अशी मागणी आपण आपापल्या खासदाराकडे लेखी करावी. मोकळ्या, आखीव रस्त्यावरची चाचणी आम्हाला पुरेशी वाटत नाही. ती साउथॉलच्या ब्रॉडवेवर, डिसेंबरच्या पावसाळी संध्याकाळी, काळा कोट घातलेली आजी दोन पिशव्या घेऊन मधूनच रस्ता ओलांडते तेव्हा व्हावी.