वीस कार्डे आणि एक आकडा



गेल्या दिवाळीनंतर माझ्या साताऱ्यातील दवाखान्याच्या नोंदवहीत एका नावापुढे ‘हँडिकॅपसाठी’ असे कारण लिहिलेले आढळले. वही सांभाळणाऱ्या ताईंनी त्या गृहस्थांना, अपंगत्वाचा दाखला येथे मिळत नाही, जिल्हा रुग्णालयात जावे लागेल, असे आपुलकीने समजावूनही सांगितले होते. एकाहत्तर वर्षांचे, ताठ कण्याचे ते निवृत्त कर्नल त्यावर काही बोलले नाहीत. मागे उभा असलेला त्यांचा मुलगा मात्र कपाळाला हात लावून म्हणाला, “डॉक्टर, तो दाखला परवडला असता. बाबांना गोल्फचा हँडिकॅप टिकवायचा आहे.”

साताऱ्यात फौजी घराणी पुष्कळ आणि गोल्फ खेळणारे मोजके. म्हणून आधी त्या शब्दाविषयी. गोल्फमध्ये हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीचा आकडा. निष्णात खेळाडूला ज्या मैदानावर बहात्तर फटके पुरावेत, तेथे आपल्याला चांगल्या दिवशी अंदाजे किती जास्त लागतील, हे तो सांगतो. आकडा जितका लहान, तितका खेळ चांगला. या आकड्यामुळे सत्तरीतला आजोबा आणि विशीतला नातू एकाच मैदानावर बरोबरीने स्पर्धा करू शकतात. अशी सोय दुसऱ्या खेळांत क्वचितच आढळते. २०२० पासून यासाठी जगभर एकच पद्धत आहे. खेळाडूच्या शेवटच्या वीस कार्डांपैकी सर्वांत चांगली आठ घेऊन त्यांची सरासरी काढतात. मैदान किती अवघड, याचा हिशेब त्यात आधीच केलेला असतो.

कर्नलसाहेबांचा आकडा होता १३.४. पुण्यात राहत असताना ते आठवड्यातून दोनदा खेळत. साताऱ्यास परतल्यावर मैदान शंभर किलोमीटरहून अधिक दूर गेले आणि स्पर्धा वर्षाकाठी एखाददुसरी उरली. त्यांच्या वीस कार्डांपैकी सोळा पुण्यातली, पाच-सहा वर्षांपूर्वीची; हिशेबात येणारी आठही त्यांतलीच. क्लबचे सभासदत्व आहे तोवर नियमाने आकडा बाद होत नाही. म्हणजे कागदावर १३.४ अगदी खरा होता. मधल्या काळात त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट बसला, उजवा गुडघा झिजला आणि एका डोळ्यात मोतीबिंदू पिकू लागला. कार्डांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

संकट उभे केले ते एका ज्येष्ठांच्या स्पर्धेच्या अटीने. गेल्या बारा महिन्यांतली चार कार्डे दाखवा, असे आयोजक म्हणत होते. अट रास्तच आहे. जुन्या आकड्यावर नव्या स्पर्धेत उतरू देणे दुसऱ्यांवर अन्याय करणारे आहे. कर्नलसाहेबांकडे कार्ड होते एक. उरलेली तीन त्यांनी ऑक्टोबरच्या उन्हात, पुण्याला मुक्काम करून, चार दिवसांत पुरी केली. अठरा होल चालत खेळायचे म्हणजे आठ ते दहा किलोमीटरची पायपीट आणि चार-साडेचार तास. बग्गी घेतली नाही, कारण १३.४ वाला बग्गीत बसत नाही, असे त्यांचे मत. तिसऱ्या दिवशी चौदाव्या होलवर छातीत आवळल्यासारखे झाले. ते झाडाखाली बसले, जिभेखाली गोळी ठेवली, दहा मिनिटांनी उठले आणि उरलेले चार होल खेळून कार्डावर सही केली. घरी अवाक्षर काढले नाही. सोबत सांगलीचे त्यांचे एक जुने स्नेही होते. त्यांना राहवले नाही आणि त्यांनी मुलाला दूरध्वनी केला. काठ्या विकून टाकायच्या, या निर्णयापर्यंत घर येऊन पोहोचले होते.

आता माझे मत सांगतो. त्या दुपारी मी कर्नलसाहेबांना प्रथम हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. परिश्रमाने छातीत आवळणे ही स्टेंटनंतर दुर्लक्षिण्याची गोष्ट नव्हे, आणि तपासणी होईपर्यंत मैदान बंद. येथवर मुलाशी माझे एकमत होते. काठ्या विकण्याशी मात्र नव्हते. ज्या वडिलांचे आठवड्याचे चालणे, पुण्याची मित्रमंडळी आणि पहाटे उठण्याचे निमित्त एका खेळावर उभे आहे, त्यांच्याकडून तो खेळ काढून घेतल्यावर सहा महिन्यांनी ते कसे दिसतात, हे मी माझ्या दवाखान्यात अनेकदा पाहिले आहे. माझ्या दृष्टीने दोष खेळात नव्हता. वर्षाची कार्डे चार दिवसांत उरकण्यात होता.

हीच चूक आपण रक्तदाबाच्या बाबतीत करतो. तीन महिने मोजायचा नाही आणि डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी मीठ सोडायचे, गोळी वेळेवर घ्यायची, लवकर झोपायचे. ही झाली स्पर्धेची तयारी. मला हवी असते घरातली साधी नोंद : सलग सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे शांत बसल्यानंतर दोन-दोन वेळा मोजलेले आकडे. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी घ्यावी. ती घरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली, तर बोलायला हवे. गोल्फचा आकडा उत्तम आठ कार्डे घेऊन बाकीची बारा पोटात घालतो. रक्तदाबाच्या वहीला ती सवलत नाही. ‘आज जास्त आला म्हणून लिहिला नाही’ असे सांगणारे आजोबा मला दर आठवड्याला भेटतात.

गोल्फच्या नियमांत अशा ‘घरच्या नोंदी’ची सोय आहे, हे मला कर्नलसाहेबांच्या सांगलीकर स्नेह्यांनीच समजावले. कार्ड स्पर्धेतलेच हवे असे नाही. खेळण्याआधी तशी नोंद केली, नियमांनी खेळले आणि सोबतच्या खेळाडूने स्कोअरची साक्ष दिली, की मित्रांमधला साधा डावही हिशेबात धरतात. अठराच होल हवेत असेही नाही. नऊ होलचे कार्ड चालते. बग्गीने कार्ड बाद होत नाही. एखाद्या होलवर कितीही फटके गेले, तरी हिशेबापुरती त्यांना मर्यादा असते. एका खड्ड्याने दिवस नासत नाही. आकड्याची चढही मुद्दाम मंद ठेवलेली आहे : गेल्या वर्षभरातल्या सर्वांत लहान आकड्यापेक्षा तो तीनने वाढला की पुढची वाढ निम्मी धरतात, आणि पाचाच्या पुढे जाऊ देत नाहीत. त्यामुळे आजारपणातून उठून दोन-चार वाईट कार्डे भरली, तर आकाश कोसळत नाही.

मला सर्वांत आवडला तो साक्षीदाराचा नियम. एकट्याने खेळून स्वतःचाच स्कोअर लिहिता येत नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात प्रामाणिकपणा असेल; माझ्या मनात आले की, सत्तरीतल्या हृदयरुग्णाजवळ चार तास एक जाणता माणूस राहणार. त्या माणसाला गोळी कोणत्या खिशात आहे हे ठाऊक असावे. ती बसूनच घ्यायची, कारण रक्तदाब एकदम उतरतो. पाच मिनिटांत आराम पडला नाही, तर १०८ ला दूरध्वनी करायचा, आणि आराम पडला तरी उरलेले होल सोडून द्यायचे. सोबत मधुमेही असेल, तर त्याच्याजवळ साखर हवी.

तज्ज्ञांच्या तपासण्या झाल्या, औषधे बदलली, परवानगी मिळाली. मग आम्ही तिघांनी बसून वर्ष मांडले. महिन्यातून एकदा, सकाळी लवकर, नऊ होल, बग्गीसह. सांगलीकर स्नेही पेठ नाक्यावरून महामार्गाला लागतात आणि साताऱ्यात कर्नलसाहेबांना गाडीत घेतात. दर तिसऱ्या फेरीला पुण्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांची भेट त्याच दिवशी दुपारी. ज्या महिन्यात गुडघा सुजेल, त्या महिन्यात कार्ड नाही. मुलाने एकच अट घातली : चौदाव्या होलसारखे पुन्हा काही झाले, तर ते त्याला आधी बाबांकडून कळले पाहिजे. कर्नलसाहेब बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मग “मान्य” म्हणाले. गुडघ्याच्या अटीवर ते अधिक भांडले होते.

या महिन्यात त्यांचा आकडा १६.१ झाला. दोन दिवस ते घरात कोणाशी बोलले नाहीत, असे काकू सांगत होत्या. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले ते मोतीबिंदूची चौकशी करायला. शस्त्रक्रिया केली तर किती आठवडे खेळता येणार नाही, आणि फटका मारल्यावर चेंडू नेमका कोठे पडतो ते पुन्हा दिसू लागेल काय, असे दोन प्रश्न त्यांनी चिठ्ठीवर लिहून आणले होते. पहिला प्रश्न मी नेत्रतज्ज्ञांवर सोपवला आहे.