रात्रीचा हिशेब कोणी मागायचा?

खेळाडू निवडायचा म्हटले, की त्याचे पाय, त्याची नजर आणि त्याचा दम पाहायचा, असा आपला साधा समज असतो. कॅनडा-अमेरिकेतील आइस हॉकीच्या व्यावसायिक संघांनी २०१८च्या सुमारास या यादीत आणखी एक गोष्ट घातली. समोर बसलेला अठरा वर्षांचा मुलगा व्हिडिओ गेम किती खेळतो आणि रात्री किती वाजेपर्यंत खेळतो, हे त्यांना जाणून घ्यावेसे वाटू लागले. प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. पण त्याच्या उत्तरावर एखाद्या कुटुंबाची दहा-बारा वर्षांची मेहनत तोलली जाते आणि असाच प्रश्न आपल्याही घरोघरी रोज विचारला जातो. म्हणून त्याकडे जरा थांबून पाहायला हवे.

आपण हॉकी म्हणतो ती ही नव्हे. बर्फावर, पायांत स्केट घालून, रबरी चकतीने खेळायचा हा खेळ. त्यातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत, नॅशनल हॉकी लीगमध्ये, आज ३२ संघ आहेत. साधारणतः जूनच्या अखेरीस हे संघ नव्या मुलांची निवड करतात. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. सात फेऱ्यांत २२४ मुले उचलली जातात आणि त्यांतली बहुतेक जेमतेम अठराची असतात. पहिल्या फेरीत नाव आले, तर मुलाचे नशीब उघडण्याची शक्यता मोठी. २०१८च्या तुकडीसाठी पहिल्या कराराचा मूळ पगार वर्षाला ९ लाख २५ हजार डॉलरपर्यंत जाऊ शकत होता. ड्राफ्टच्या काही आठवडे आधी बफेलो शहरात शंभरएक मुलांची चाचणी झाली. अशा चाचणीत सायकलवर दम काढून पाहतात, उड्या मोजतात आणि मग एकेका संघाची माणसे मुलाला खोलीत बोलावून थोडा वेळ प्रश्न विचारतात. गेमचा प्रश्न येतो तो या खोलीत.

तो त्या वर्षीच का आला, याला कारण होते. ‘फोर्टनाइट’ या खेळाचा सर्वाधिक गाजलेला प्रकार सप्टेंबर २०१७मध्ये बाजारात आला आणि काही महिन्यांतच शाळकरी मुलांपासून नामवंत खेळाडूंपर्यंत सगळ्यांना त्याने झपाटले. २०१८च्या शरद ऋतूत कॅनडात चर्चा सुरू झाली, ती एका होतकरू हॉकीपटूची कारकीर्द या नादापायी धुळीला मिळाल्याची. त्याचे नाव कोणी घेतले नाही. त्याच सुमारास व्हँकूव्हर संघाचा तेवीस वर्षांचा बो होर्व्हॅट एका रेडिओ मुलाखतीत म्हणाला, की संघ दौऱ्यावर असताना आता व्हिडिओ गेम बंद. त्या वेळात सगळ्यांनी एकत्र जेवायचे, एकमेकांबरोबर राहायचे. पुढच्याच वर्षी तो संघाचा कर्णधार झाला.

याच कथेची दुसरी बाजूही आहे. जून २०१८मध्ये लीगने स्वतःच व्हिडिओ गेमची जागतिक स्पर्धा भरवली. लास वेगासमध्ये अंतिम फेरी झाली आणि फिनलंडच्या विजेत्याने ५० हजार डॉलर नेले. लीगच्या नावाचा व्हिडिओ गेम तर १९९१पासून विकला जातो आहे. म्हणजे दुकानाच्या पुढच्या दारी ज्या वस्तूची विक्री चालू होती, तिचीच चौकशी मागच्या दारी नोकरीला आलेल्या मुलाकडे होत होती. मुलांना हे कळत नसेल, असे समजू नये.

तरीही संघांची बाजू नीट ऐकून घ्यायला हवी. बँकेत मी आयुष्याची उमेदीची वर्षे काढली. त्या भाषेत सांगायचे, तर ड्राफ्ट म्हणजे बिनतारणी कर्ज आहे. अठराव्या वर्षी निवडलेला मुलगा प्रत्यक्ष उपयोगी पडायला बहुधा दोन-तीन वर्षे लागतात. तारण काही नसते. असते ती फक्त माणसाची पत. आणि पत म्हणजे शेवटी सवयी. झोपेचा प्रश्न तर अगदीच खरा आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात बास्केटबॉलच्या अकरा खेळाडूंना काही आठवडे जास्त झोपायला लावले, तेव्हा त्यांचे धावणे सुधारले आणि बास्केटमधले नेम सुमारे नऊ टक्क्यांनी वाढले. हा अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. अकरा खेळाडू म्हणजे काही फार नव्हेत. पण त्यातून दिसते ते आपल्या अनुभवाशी जुळणारे आहे. पहाटे तीनपर्यंत पडद्यासमोर बसलेला मुलगा सकाळी बर्फावर अर्धाच उतरतो.

अडचण सुरू होते ती एका सवयीवरून सगळा माणूस ओळखायला गेले की. माँट्रियलचा गी लाफ्लूर हा १९७०च्या दशकातला महान खेळाडू. त्याने लागोपाठ सहा हंगामांत पन्नास किंवा अधिक गोल केले. सिगारेटी ओढण्याबद्दलही तो तितकाच प्रसिद्ध होता. आजच्या मुलाखतीच्या खोलीत त्याचे काय झाले असते? बेसबॉलमधले उदाहरण अधिक अलीकडचे आहे. बोस्टनचा गोलंदाज डेव्हिड प्राइस मे २०१८मध्ये मनगटाच्या दुखण्याने एका सामन्याला मुकला. तो फोर्टनाइट खेळतो हे ठाऊक असल्याने लोकांनी लगेच बोट तिकडे दाखवले. त्याने हा संबंध नाकारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बोस्टनने विजेतेपद मिळवले, त्या निर्णायक सामन्यात विजयी गोलंदाज प्राइसच होता. याचा अर्थ सिगारेट किंवा गेम चांगले, असा नव्हे. दिसणारी सवय आणि होणारे नुकसान यांच्यामध्ये एक माणूस असतो आणि तो पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग हा मुलगा जगतो कसा, तेही पाहू. कॅनडातील होतकरू मुले सोळाव्या-सतराव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या गावच्या कुमार संघात जातात आणि तिथल्या एखाद्या कुटुंबात पाहुणे म्हणून राहतात. हंगामात सत्तरच्या आसपास सामने. हिवाळ्यात तासन् तास बसचा प्रवास. सोबत शाळेचा अभ्यास. अशा मुलाने रात्री खोलीचे दार लावून, कानाला यंत्र लावून गेम सुरू केला, तर पलीकडून बोलत असतो तो बहुधा त्याच्या गावचा बालमित्र. आपल्याकडे पारावर किंवा चाळीच्या गॅलरीत जे चालत असे, ते त्याला तिथेच मिळते. मोजायला गेले, तर हेही दोन तास आणि कोणाशी न बोलता एकट्याने स्वतःला बुडवून घेणे हेही दोन तासच. घड्याळाला दोहोंतला फरक कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनेही तासांचे माप लावलेले नाही. जून २०१८मध्येच तिने आजारांच्या नव्या वर्गीकरणात गेमच्या व्यसनाची नोंद केली. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२पासून लागू झाले. खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सर्व गोष्टी मागे पडत जाणे, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, अशी तिची लक्षणे आहेत. त्यामुळे घर, शिक्षण किंवा काम यांची मोठी हानी झालेली असावी आणि हे सर्वसाधारणपणे वर्षभर दिसावे, अशी अट आहे. वर्षभराने ओळखायची गोष्ट मुलाखतीतल्या काही मिनिटांत कशी ओळखणार?

शिवाय ज्या प्रश्नाचे सोयीचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे, तो प्रश्न विचारून हाती काही लागत नाही. कर्जाच्या अर्जावर ‘कारण’ असा रकाना असतो. दुकानाचा माल भरण्यासाठी, असे लिहिणाऱ्या कितीतरी जणांच्या घरी त्या महिन्यात लग्न निघालेले असे. ती माणसे लबाड नव्हती. बँकेला काय आवडते, ते त्यांनी हेरले होते, इतकेच. गेम किती खेळतोस, या प्रश्नाला मुलगाही तसेच उत्तर देणार. ‘कधीतरी, सुटीच्या दिवशी.’ जो खरोखर अधूनमधून खेळतो तो हेच म्हणेल आणि ज्याला गेमने गिळले आहे तोही हेच म्हणेल. फटका बसेल तो प्रामाणिकपणे खरे सांगणाऱ्याला. तो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत घसरला, तर का घसरला हे त्याला कधी कळणारही नाही. बँकेत नाकारलेल्या प्रकरणाच्या कागदावर निदान कारण तरी लिहावे लागे.

आणि सर्वांत जास्त फटका बसेल, तो ज्याला खरोखर मदत हवी आहे त्याला. लपवायचे कसे, हे आपण त्याला अठराव्या वर्षीच शिकवून ठेवतो.

यातून वाट नाही असे नाही. याच लीगमध्ये १९९६पासून खेळाडूंची संघटना आणि लीग यांनी मिळून चालवलेली मदतीची योजना आहे. दारू, अमली पदार्थ, मनाचे आजार, अशा कारणांसाठी खेळाडू तिथे गुपचूप जाऊ शकतो आणि पहिल्यांदा गेल्याबद्दल त्याचा पगार कापला जात नाही. खरे बोलण्याची किंमत मोजावी लागत नाही, म्हणून माणसे तिथे खरे बोलतात. ड्राफ्टच्या खोलीतला मुलगा मात्र अजून त्या दाराबाहेर उभा असतो. म्हणून संघांनी गेमचा प्रश्न निवडीच्या खोलीतून काढून निवडीनंतरच्या पहिल्या महिन्यात न्यावा आणि तो निवडणाऱ्याने नव्हे, तर सांभाळणाऱ्याने विचारावा. व्हँकूव्हरच्या खेळाडूंनी केले त्यातही शहाणपण होते. नियम सर्वांना सारखा होता, तो दौऱ्यापुरता होता आणि काढून घेतलेल्या वेळाच्या जागी त्यांनी एकत्र जेवणाचे ताट ठेवले होते. नुसते काढून घेतले असते, तर रिकामी जागा पुन्हा त्याच गेमने भरली असती.

आपल्या घरात ड्राफ्ट नसतो. पण दहावी असते, क्लास असतो, जिल्ह्याच्या संघाची निवड असते. रात्री मुलाच्या खोलीच्या दाराखालून मोबाइलचा उजेड दिसतो, तेव्हा आपणही बहुतेक वेळा निवड समितीच्याच आवाजात विचारतो, ‘किती वेळ झाला?’ उत्तर ठरलेले असते, ‘आत्ताच घेतला.’ त्याऐवजी पलीकडे कोण आहे, काय चालले आहे, झोप का येत नाही, हे विचारता येईल. मात्र त्या उत्तराचा उपयोग निकालपत्रासाठी होणार नाही, याची मुलाला खात्री हवी. ती खात्री एका रात्रीत देता येत नाही. पत बसायला वेळ लागतो, हे कर्जदाराइतकेच आईवडिलांनाही लागू आहे.