पिस्तुलाआधी कुलूप

गेल्या रमजानमध्ये माझ्या मामेभावाचा फोन आला. "भाईजान, घरात ठेवायला एक पिस्तूल घ्यायचं म्हणतोय. कोणतं घेऊ?"

आम्ही दोघंही मूळचे मिरजेचे. मी वीस वर्षांपासून अमेरिकेत आहे, टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. तोही जवळच राहतो. बरीच वर्षं वाट पाहिल्यावर त्याला ग्रीन कार्ड मिळालं. त्याच्या वसाहतीत नुकत्याच दोन घरफोड्या झाल्या होत्या. घरात बायको आणि चौदा वर्षांचा मुलगा.

माझं मत आधीच सांगतो. 'कोणतं पिस्तूल' हा प्रश्न शेवटचा आहे, आणि आपण तोच पहिल्यांदा विचारतो.

मिरजेत आम्ही बंदूक पाहिली ती बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना काढावा लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. टेक्सासमध्ये २१ वर्षं पूर्ण झालेला नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक दुकानात जातो, संघराज्याचा एक अर्ज भरतो, पूर्वइतिहासाची तपासणी होते आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी तो पिस्तूल घेऊन घरी येतो. सरकार इथे फारसं अडवत नाही. म्हणून थांबून विचार करण्याचं काम आपल्यावरच येतं.

भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. १० फेब्रुवारी २०१५ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलमध्ये एका शेजाऱ्याने तीन मुस्लिम तरुणांना त्यांच्याच घरी गोळ्या घालून मारलं. त्यानंतर माझ्या ओळखीतल्या काहींनी पिस्तूल घेतलं. मीही घेतलं. तेव्हा हा दुरून दिलेला उपदेश नाही.

भावाला मी दुकानाऐवजी रेंजवर नेलं. तिथे पिस्तुलं भाड्याने मिळतात आणि शिकवणारा उस्तादही. भावाने पहिल्यांदा उचललं ते खिशात मावेल असं छोटं रिव्हॉल्व्हर. नवख्याची ही नेहमीची चूक. छोटं आणि हलकं म्हणजे सोपं असं वाटतं. प्रत्यक्षात हलक्या पिस्तुलाचा झटका जास्त बसतो, त्या रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो आणि आखूड नळीवर नेम धरणं अवघड जातं. पाच गोळ्यांत त्याचा हात थरथरू लागला. मग मध्यम आकाराचं नऊ एमएमचं पिस्तूल दिलं. वजन असल्यामुळे झटका कमी, मुठीवर सगळी बोटं नीट बसली, आणि गोळ्या कागदावर लागू लागल्या.

पण भावजयीला त्याची स्लाइड मागे ओढता येईना. अशा हातांसाठी हलकी स्लाइड असलेली पिस्तुलं मिळतात, किंवा जरा वजनदार, चार इंची नळीचं पॉइंट अडतीसचं रिव्हॉल्व्हर. ज्या ज्या मोठ्या माणसावर ते वापरण्याची वेळ येऊ शकते, त्या प्रत्येकाच्या हाताला ते जमलं पाहिजे. दिसायला कसं आहे आणि सिनेमात कोणाच्या हातात होतं, याला काही अर्थ नाही.

उस्तादाने चार नियम पाठ करून घेतले. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच समजा. ज्याचा नाश करायचा नाही, त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. आणि आपलं लक्ष्य काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे ओळखा. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नव्हे, एक गोळी नळीच्या मागच्या टोकाशी बसलेली असू शकते, हेही त्याने तीनदा सांगितलं.

चौथ्या नियमावर मी भावाला थांबवलं. इकडची घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पातळ तक्ते ठोकून बांधलेली असतात. नऊ एमएमची गोळी अशा एकापेक्षा जास्त भिंती पार करते. मी विचारलं, "तुझ्या खोलीतून जिन्याकडे नेम धरलास, तर त्या भिंतीमागे कोण झोपतं?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "पोरगा."

आता त्याहून अवघड गोष्ट. अमेरिकेत बंदुकीने जे मृत्यू होतात, त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. चोर येईल की नाही माहीत नाही, पण पिस्तूल रोज घरात असतं, आणि घरातल्या माणसांचे वाईट दिवसही घरातच येतात. एका हिवाळ्यात माझी नोकरी गेली. झोप उडाली, कोणाशी बोलावंसं वाटेना. एका सकाळी बायको म्हणाली, "ते आता घरात नको." मला राग आला. मी तसा माणूस नाही, म्हणालो. तिने विचारलं, "तसा माणूस कसा असतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन महिने ते एका मित्राच्या तिजोरीत राहिलं. मी डॉक्टरकडे गेलो. या गोष्टीची लाज वाटण्याचं कारण नाही, म्हणून लिहितोय.

इकडे शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या तरुणांना एक व्यवहाराची सूचना. विद्यार्थी व्हिसा किंवा एच-वन-बी असेल, तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून संघराज्याचा कायदा बंदूक आणि गोळ्या बाळगायला मनाई करतो. मित्राच्या आग्रहाने रेंजवर एक फोटो काढण्याआधीही वकिलाला विचारा. गुन्हा लागला तर व्हिसाही जाऊ शकतो.

भावाने अजून पिस्तूल घेतलेलं नाही. त्याने दाराला भक्कम कुलूप बसवलं, मागच्या अंगणात दिवा लावला, आणि नवरा-बायको दोघांनी प्रशिक्षणाच्या वर्गात नाव घातलं. तिजोरी मात्र आधीच विकत आणली आहे. ती रिकामीच आहे. पुढच्या महिन्यात वर्ग संपला की दोघं मिळून ठरवणार आहेत, तिच्यात काही ठेवायचं की नाही.