कागदावरील आचारसंहिता

बांगलादेशात ढाक्यानजीक साभार येथे २४ एप्रिल २०१३ रोजी सकाळी 'राणा प्लाझा' ही आठ मजली इमारत कोसळली. अकराशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत तरुण स्त्रियांची संख्या मोठी होती. इमारतीला तडे गेल्याचे आदल्या दिवशीच सर्वांनी पाहिले होते. तेथील बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठविले. दुकानेही बंद राहिली. तयार कपड्यांच्या पाच कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर हजर होणे भाग पडले. न आल्यास पगार बुडेल असे बजावण्यात आले होते, असे बचावलेल्या कामगारांनी नंतर सांगितले. एकाच इमारतीतील बँकेचे कारकून वाचले आणि शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया मेल्या, या एका गोष्टीत जागतिक व्यापारातील नीतीचा सारा प्रश्न सामावलेला आहे.

या कारखान्यांचा माल युरोप-अमेरिकेतील नामांकित कंपन्यांकडे जात असे. यांतील अनेक कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांसाठी आचारसंहिता तयार केल्या होत्या. बालमजूर ठेवू नयेत, सक्तीने काम करून घेऊ नये, कामाची जागा सुरक्षित असावी, अशी कलमे त्यांत होती. राणा प्लाझातील दोन कारखान्यांची तर अशा संहितेनुसार तपासणीही झालेली होती. पण इमारतीच्या मजबुतीची परीक्षा हा आपल्या कक्षेतील विषय नव्हता, असा खुलासा दुर्घटनेनंतर करण्यात आला. त्याआधी सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतील 'अली एंटरप्रायझेस' या कारखान्यास आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मरण पावले. या कारखान्याला सामाजिक जबाबदारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते. तेव्हा संहिता नव्हती म्हणून हे अनर्थ घडले, असे म्हणता येत नाही. संहिता असतानाच ते घडले.

याचे मूळ शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या वर्तनाला नियम घालून द्यावेत, या हेतूने संयुक्त राष्ट्रांनी १९७४ साली एक आयोग नेमला. नवस्वतंत्र देशांना बंधनकारक संहिता हवी होती. श्रीमंत देशांचा आग्रह ती ऐच्छिक असावी असा होता. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९७६ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तीही ऐच्छिकच. पुढे कर्जाच्या ओझ्याखाली दबलेले गरीब देश परकीय भांडवलासाठी परस्परांशी स्पर्धा करू लागले. भांडवलाला अटी घालण्याचा त्यांचा उत्साह ओसरला आणि १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्या संहितेचा नाद सोडला. त्याच सुमारास कंपन्यांनी स्वतःच्या संहिता लिहावयास प्रारंभ केला. 'लेव्ही स्ट्रॉस' या अमेरिकन कंपनीने १९९१ साली पुरवठादारांसाठी अटी जाहीर केल्या आणि पाहता पाहता ती प्रथाच पडली. सरकारांनी सोडून दिलेली जागा कंपन्यांनी भरून काढली, परंतु स्वतःच्या सोयीने.

अशा संहितांचे दोष उघड आहेत. तपासनिसाचे शुल्क बहुधा ज्याची तपासणी व्हावयाची तो कारखानदार किंवा त्याचा ग्राहक देतो. अनेकदा भेटीची पूर्वसूचना असते; तेवढ्या दिवसापुरती बंद दारे उघडतात आणि हजेरीपट नीटनेटके होतात. अहवाल गुप्त राहतो, म्हणून ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्या कामगाराला तो वाचावयास मिळत नाही. पण याहून मोठा दोष कंपनीच्या घरातच आहे. तिचा एक विभाग कामाचे तास मर्यादित ठेवण्यास सांगतो आणि दुसरा, म्हणजे खरेदी विभाग, त्याच कारखानदाराकडून गेल्या वर्षीपेक्षा कमी दरात व कमी दिवसांत माल मागतो. या दोन आज्ञांपैकी कोणती पाळली नाही तर धंदा बुडतो, हे कारखानदार पुरते ओळखून असतो.

राणा प्लाझानंतर जो करार झाला तो म्हणूनच लक्षात घेण्याजोगा आहे. मे २०१३ मध्ये प्रामुख्याने युरोपीय कंपन्यांनी जागतिक कामगार संघटनांशी आग व इमारत-सुरक्षेविषयी करार केला. पुढे सह्या करणाऱ्या कंपन्यांची संख्या दोनशेवर गेली. हा करार कायद्याने बंधनकारक होता. तपासणी स्वतंत्र अभियंत्यांनी करावयाची, अहवाल प्रसिद्ध करावयाचे, दुरुस्तीसाठी पैसा उपलब्ध होईल हे कंपन्यांनी पाहावयाचे आणि तंटा झाल्यास लवादापुढे जावयाचे, अशी त्याची रचना होती. सुमारे सोळाशे कारखान्यांची तपासणी झाली, एक लाखाहून अधिक दोष आढळले आणि त्यांतील बहुतेक पाच वर्षांत दूर झाले. कामगार संघटनांनी दोन कंपन्यांना हेग येथील लवादापुढे खेचले. अखेर तडजोड होऊन एका कंपनीने दुरुस्ती व अन्य कामांसाठी तेवीस लाख डॉलर देण्याचे मान्य केले. ऐच्छिक संहितेखाली असे घडणे शक्य नव्हते.

अशा बंधनांना होणारा विरोध सर्वस्वी स्वार्थाचा नाही. नियम कडक झाले तर भांडवल अन्य देशांत जाईल व गरिबांचा रोजगार बुडेल, तसेच परकीयांनी नेमलेले तपासनीस हा देशाच्या अधिकारावरील आघात होय, असे बांगलादेशातही म्हटले गेले. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. २०२० मध्ये हे काम देशातील एका त्रिपक्षीय संस्थेकडे सोपविण्यात आले, ते यामुळेच. पहिली भीती मात्र खरी ठरली नाही. बांगलादेशाची कपड्यांची निर्यात दुर्घटनेच्या वर्षी सुमारे २१ अब्ज डॉलर होती. पाच वर्षांनी ती ३० अब्जांवर गेली. अर्थात या कराराची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याने इमारती सुरक्षित केल्या. वेतनाचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर होता. डिसेंबर २०१३ मध्ये किमान वेतन महिना ३,००० टकांवरून ५,३०० टका झाले, ते सरकारने नेमलेल्या वेतन मंडळामार्फत आणि कामगारांच्या आंदोलनानंतर.

करारावर सही न करणाऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. कराचीच्या आगीतील पीडितांनी मुख्य ग्राहक असलेल्या जर्मन कंपनीविरुद्ध डॉर्टमुंडच्या न्यायालयात दावा लावला. पाकिस्तानी कायद्याप्रमाणे तो मुदतबाह्य ठरवून २०१९ मध्ये फेटाळण्यात आला. भारताला हा अनुभव नवा नाही. भोपाळच्या पीडितांचे दावे अमेरिकन न्यायालयाने १९८६ मध्ये भारताकडे परत पाठविले आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर त्यांची बोळवण झाली. नफा एका देशात, अपघात दुसऱ्या देशात आणि न्याय कोठेच नाही, ही स्थिती बदलण्यासाठी फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर पुरवठादारांबाबत दक्षतेचे बंधन घातले. जर्मनीचा कायदा २०२३ पासून अमलात आला. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये असा निर्देश मंजूर केला, पण उद्योगांवर भार नको या सबबीखाली पुढच्याच वर्षी त्याची अंमलबजावणी लांबणीवर टाकली.

तेव्हा एखाद्या संहितेची भाषा किती उदात्त आहे, हे पाहून तिची पारख होणार नाही. ती मोडली गेली तर दाद मागावयाची कोठे आणि दाद मागण्याचा अधिकार कोणाला, हे विचारले पाहिजे. धोकादायक जागी काम करण्यास नकार देण्याचा कामगाराचा हक्क २०१३ च्या करारात स्पष्ट शब्दांत नमूद होता. २३ एप्रिलच्या सायंकाळी तो हक्क त्या स्त्रियांजवळ असता आणि तो बजावल्याबद्दल पगार जाणार नाही याची हमी असती, तर दुसऱ्या दिवशी त्याही बँकेच्या कारकुनांप्रमाणे घरी राहिल्या असत्या.